पाळीच्या आधीचा आठवडा

आमच्या घरात पाळीची दखल पहिल्या दिवशी घेतली जाते. सासूबाई देवपूजा स्वतःकडे घेतात, अंबाबाईला जायचा बेत न बोलता पुढे जातो आणि मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेभोवती बॉलपेननं बारीक गोल करते. दुधाचे हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख आणि हा गोल, सगळं त्याच चौकटींत असतं. पुढचे चार दिवस घर मला जपतं आणि बाजूलाही ठेवतं. त्या बाजूला ठेवण्यावरून आमच्याकडे बरेच वाद झालेत, अजूनही होतात. आज मात्र मला त्या गोलाच्या आधीच्या आठवड्याबद्दल लिहायचं आहे. त्या दिवसांची कालनिर्णयवर काहीच खूण नसते.

मी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका पतसंस्थेत काउंटरला बसते. चाळिशी ओलांडली आहे, म्हणजे पाळीची आणि माझी सोबत आता जुनी झाली. तरीही ते दिवस आले की मी हादरते. एखाद्या खातेदारानं पासबुक जरा जोरात काउंटरवर टाकलं तरी डोळ्यांत पाणी येतं. संध्याकाळी रंकाळ्यावर चालायला गेले की भेळेच्या गाड्यांपाशी चाललेली गडबड, पोरांचा दंगा सगळं अंगावर येतं, आणि मी कठड्यावर पाण्याकडे तोंड करून बसून राहते. आपण कुणालाच नको आहोत असा विचार येतो. तो त्या वेळी तंतोतंत खरा वाटतो, हे त्यातलं सगळ्यात वाईट. मग पाळी येते. दुसऱ्या दिवशी पोट दुखत असतं, कंबर धरलेली असते आणि मन स्वच्छ झालेलं असतं. ज्या दिवसांत घर मला आजारी समजतं त्या दिवसांत मी मनानं सगळ्यात ठीक असते, आणि ज्या दिवसांत मला खरंच कुणी हात धरायला हवं असतं त्या दिवसांत माझ्याकडून नेहमीसारख्या वागण्याची अपेक्षा असते.

बरीच वर्षं मी हे कुणाला नीट सांगू शकले नाही. एका दवाखान्यात सांगून पाहिलं, तर ‘हे सगळ्याच बायकांना होतं, मन दुसरीकडे गुंतवा’ एवढं ऐकून परत आले. नंतर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं ठरवलं तेव्हा आत्या म्हणाल्या, “वेड्याच्या डॉक्टरकडं कशाला जातीस गं? चार माणसं काय म्हणतील?” मी गेले. त्या डॉक्टरबाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न तारखांचा विचारला. किती दिवस आधी सुरू होतं, पाळी आल्यावर कितव्या दिवशी ओसरतं, मधले दिवस कसे जातात? माझ्याकडे सांगायला फक्त कालनिर्णयवरचे गोल होते.

त्यांनी वही घालायला सांगितली. रोज रात्री, शक्यतो एकाच वेळी, आणि मागची पानं न उलटता लिहायचं, किमान दोन पाळ्या होईपर्यंत. हा त्यांच्या मनचा नियम नव्हता. पाळीच्या आधी मनाची फार ओढाताण होण्याच्या आजाराला पीएमडीडी म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र स्थान मिळालं. त्या निदानासाठी पाळीच्या किमान दोन चक्रांची रोजची नोंद लागते. पाळीच्या आधीच्या आठवड्यात ठरावीक लक्षणांपैकी किमान पाच हवीत, रक्तस्राव सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत ती ओसरायला हवीत आणि नंतरच्या आठवड्यात जवळजवळ नाहीशी व्हायला हवीत. आठवणीवर भिस्त ठेवत नाहीत, कारण मन खचलेलं असताना मागचा सगळा महिनाच वाईट गेल्यासारखा वाटतो आणि बरं असताना त्या दिवसांत एवढं काय होतं हेच आठवत नाही. दोन्ही मी अनुभवलेलं आहे.

वहीत मी उभ्या रेघा मारल्या: चिडचिड, उदासी, धास्ती, झोप, खाणं, कामातलं लक्ष. प्रत्येकाला 1 ते 6 आकडा. 1 म्हणजे अजिबात नाही, 6 म्हणजे सोसवत नाही इतकं. शेवटी एक रुंद रकाना मोकळा, त्या दिवशी काय घडलं ते लिहायला. एका मंगळवारचं पान असं आहे: चिडचिड 3, उदासी 5, धास्ती 4, झोप तुटक. आणि त्या रुंद रकान्यात, ‘सासूबाईंनी कांदाभजी केली. खावीशी वाटली नाही. त्यांना वाईट वाटलं ते कळलं, तरी तोंडातून शब्द फुटला नाही.’ आकड्यांनी डॉक्टरांचं काम होतं. मला आजही ती वाक्यं जास्त उपयोगी पडतात.

याच सुमारास लेकीनं नवं स्मार्टवॉच घेतलं आणि आपलं जुनं माझ्या हातात बांधलं. डाव्या हातात बांगड्या, त्यामुळे घड्याळ उजव्या हातात. कणीक मळताना काढायचं, भांडी घासताना काढायचं, पूजेला बसताना सासूबाईंच्या नजरेखातर काढायचं. दिवसाचा त्याचा हिशेब अर्धामुर्धाच असतो. रात्री मात्र ते हातातून हलत नाही, आणि या कामासाठी रात्रच महत्त्वाची असते.

घड्याळ पालथं केलं की हिरवा उजेड लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला मनगटाच्या कातडीखाली रक्त भरतं, तेवढ्या क्षणापुरता परत येणारा उजेड कमी होतो, आणि त्या कमीजास्त होण्यावरून ठोके मोजले जातात. दोन ठोक्यांमधलं अंतर कधीच अगदी सारखं नसतं. निवांत माणसात ते जास्त खालीवर होतं, ताणात कमी. ही ठोक्यांमधली तफावतही घड्याळ मोजतं. शिवाय रात्रभर कातडीचं तापमान नोंदवून ते आपल्याच नेहमीच्या पातळीशी ताडून बघतं. एप्रिल-मेमध्ये वीज गेली आणि पंखा बंद पडला की हा आकडा भरवशाचा राहत नाही. त्या रात्रींवर मी वहीत फुली मारते.

आता या आकड्यांचा पाळीशी संबंध काय? चक्राच्या पहिल्या भागात बीजकोशात बीज वाढत असतं आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, चढत जातं. बीज फुटलं की मागे राहिलेला भाग प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक तयार करू लागतो. प्रोजेस्टेरॉननं शरीर थोडं तापतं, साधारण 0.3 ते 0.5 अंश सेल्सियस. झोपेतले ठोके मिनिटाला दोन-तीननं वाढतात आणि ठोक्यांमधली तफावत कमी होते. गर्भ राहिला नाही तर प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि पाळी येते. शाळेत शिकलेलं 28 दिवसांचं गणित प्रत्यक्षात फार थोड्या जणींना लागू पडतं. 2019 मध्ये एका अॅपवरच्या 6 लाखांहून जास्त चक्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चक्राची सरासरी 29.3 दिवस निघाली, त्यातला बीज फुटेपर्यंतचा काळ 16.9 आणि नंतरचा 12.4. म्हणून नुसत्या तारखा मोजून आपण चक्रात कुठे आहोत ते नेमकं कळत नाही, विशेषतः माझ्यासारखीला, जिची पाळी आता पुढेमागे व्हायला लागली आहे. रात्रीचं तापमान चढलं आणि काही दिवस चढलेलं राहिलं, तर बीज फुटून गेलं एवढं तरी समजतं.

वही आणि घड्याळाचे आलेख शेजारी शेजारी ठेवले तेव्हा मला जे दिसलं त्यानं मी चकित झाले. तापमान चढलं की लगेच घड्याळ ‘ताण वाढला आहे’ असं दाखवू लागायचं. पण वहीत त्या दिवसांना उदासी 1, धास्ती 1. मी मजेत होते! माझं मन खचायचं त्यानंतर आठवड्याभरानं. कारण उघड आहे. घड्याळाला ताण दिसत नाही, ठोके दिसतात, आणि ठोके तर त्या दिवसांत शरीराच्या नेमानंच वाढतात. एखादी बाई सकाळी प्रसन्न उठते आणि मनगटावरचा आकडा बघून ‘आज मला काहीतरी झालंय’ असं समजून दिवसभर कोमेजते, हे मला फार वाईट वाटतं. तिच्या मनाचं तिला विचारल्याशिवाय कळणार नाही. मोठमोठ्या संशोधनातही घड्याळाच्या आकड्यांच्या जोडीला बायकांनी स्वतः दिलेली रोजची उत्तरं घ्यावी लागतात.

उलटंही घडलं. मार्चअखेरीला वहीतली धास्ती 5 वर गेली, घड्याळाचे ठोकेही चढले, आणि तापमान मात्र खालीच. बीज फुटायला वेळ होता. ती धास्ती पतसंस्थेची होती. वसुलीची आणि ताळेबंद जुळण्याची. पाळीशी तिचा काही संबंध नव्हता. हे वेगळं काढता येणं माझ्यासाठी फार मोलाचं ठरलं.

डॉक्टरांनी वही चाळून पीएमडीडीचं निदान केलं. मी विचारलं, “माझं हार्मोन बिघडलंय का? रक्त तपासू या?” त्या म्हणाल्या, तपासणीत बहुधा काही सापडणार नाही. पुढे मी त्याबद्दल वाचलं तेव्हा अमेरिकेतल्या पीटर श्मिट आणि डेव्हिड रुबिनो यांच्या 1998 मधल्या प्रयोगाची माहिती मिळाली. त्यांनी पाळीआधी तीव्र त्रास होणाऱ्या बायकांचे बीजकोश औषधानं तात्पुरते शांत केले. बऱ्याच जणींचा त्रास थांबला. मग इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन नेहमीच्या प्रमाणात परत दिलं, आणि त्रास परतला. ज्यांना मुळात त्रास नव्हता त्यांनाही तेच औषध, तीच संप्रेरकं दिली. त्यांच्या मनावर काही परिणाम झाला नाही. म्हणजे संप्रेरकाचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच होतं, फरक होता तो त्याला मेंदू कसा प्रतिसाद देतो यात. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात अॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचं द्रव्य बनतं. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा यंत्रणेवर ते काम करतं. बहुतेकींना त्यानं स्वस्थता येते, काहींच्या मेंदूला त्याचे चढउतार मानवत नाहीत. हे वाचताना मी खूप रडले, आणि ते दिवस पाळीच्या आधीचे नव्हते. ‘मन दुसरीकडे गुंतवा’ या सल्ल्यानं माझ्या इच्छाशक्तीवर जो डाग लागला होता तो त्या दिवशी पुसला गेला.

औषध सुरू झालं. नैराश्यात वापरतात त्याच एसएसआरआय गटातलं. नैराश्यात त्याचा गुण यायला आठवडे जातात, इथे मात्र काही दिवसांतच येऊ शकतो. म्हणून काही जणींना ते फक्त बीज फुटल्यापासून पाळी येईपर्यंत देता येतं. माझ्या पुढेमागे होणाऱ्या तारखांमुळे डॉक्टर तापमानाचा आलेखही बघतात. ज्यांना औषध नको असेल त्यांना दुसरे उपाय आहेत. कुणाला काय मानवेल ते डॉक्टरांनी बघूनच ठरवायचं. माझी गोळी मैत्रिणीनं घ्यायची नाही.

घरातल्या एका गोष्टीबद्दल लिहायलाच हवं. आमचे हे स्वभावानं मऊ आहेत. पण वहीचं कळल्यावर त्यांना एक वाक्य सापडलं, ‘पाळी जवळ आली वाटतं.’ मध्यंतरी त्यांनी आमची एफडी मोडून भावाला पैसे दिले, मला न विचारता. मी बोलले, जोरात बोलले, आणि ते वाक्य आलं. मी त्यांना वही दाखवली. “अहो, हे बघा. चिडचिड 5 आहे, कबूल. आणि हे बघा, काय घडलं त्या रकान्यात काय लिहिलंय.” पाळी जवळ असेल तर माझा आवाज चढेल, पण एफडी मला न विचारता मोडली ही गोष्ट तशीच राहते. पाळीचं कारण पुढे करून बाईच्या तक्रारीला टाळे लावण्याची ही सवय घरोघरी आहे, कचेऱ्यांतही आहे, आणि मला ती पाळीच्या त्रासापेक्षा जास्त दुखते. उलट त्या दिवसांत एरवी गिळलेल्या गोष्टी ओठांवर येतात. त्या खऱ्या असतात.

आमच्या पतसंस्थेतली मैत्रीण अस्सल कोल्हापुरी आहे. तिला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, “मला तर काय होत न्हाई गं. पाळीच्या आदल्या दिवशी पन मी आंबोळ्या घालतो, डबा भरतो, न् कामावर येतो. लोकं उगं समद्या बायकांना एका मापात घालत्यात.” ती बरोबर बोलत होती. 2012 मध्ये सेरा रोमन्स आणि सहकाऱ्यांनी रोजच्या नोंदींवर आधारलेले 47 अभ्यास तपासले. पाळीच्या आधीच मन बिघडतं हे ठरीव चित्र त्यांतल्या जेमतेम 15 टक्क्यांत दिसलं. दुसरीकडे 2021 मध्ये 109 देशांतल्या 33 लाख बायकांच्या अॅपवरच्या नोंदींचा अभ्यास आला, आणि त्यात दिवसाच्या, आठवड्याच्या किंवा ऋतूंच्या चक्रापेक्षा पाळीच्या चक्राचा परिणाम बहुतेक बाबतींत मोठा दिसला. दोन्ही वाचून माझं मत असं झालंय की अॅप उघडून रोज लिहिणारी बाई बहुधा आधीच काहीतरी सोसत असते, आणि माझ्या मैत्रिणीसारखीच्या नोंदी कुठेच जमा होत नाहीत. सरासरीवरून ना तिचं कळतं, ना माझं. तीव्र पीएमडीडी साधारण शंभरात तीन ते आठ जणींना असतो असं मानतात. कमी वाटतं, पण आमच्या गल्लीतल्या बायका डोळ्यांसमोर आणल्या की कमी वाटत नाही. आणि पीएमडीडी असलेल्या बायकांत जीव नकोसा होण्याचे विचार जास्त आढळतात. असे विचार येत असतील तर वही पुरी व्हायची वाट बघू नये. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतून बोलता येतं.

सासर शिरोळकडचं, ऊसपट्ट्यातलं. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि शिवाराच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत फड सोडता येत नाही. पहाटे अंधारात उठून भाकऱ्या, मग तोडणी, डोक्यावर मोळी, गाडी भरेपर्यंत उभं. गेल्या हंगामात हौदावर धुणं धुवायला आलेल्या एकीशी मी बोलत बसले. माझ्या हातातल्या घड्याळाकडे बघून तिनं विचारलं म्हणून सगळं सांगितलं. ती म्हणाली, “ताई, मनाचं कुठं घिऊन बसता? खाडा पडला की पैसं कापतेत. पाळी येवो का ताप.” 2019 मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. अंगावर जाणं, पोटदुखी, खाडा चुकवायची धडपड, आणि त्यावर उपाय म्हणून पिशवीच काढायची. सोबत बीजकोशही काढले तर त्यांची संप्रेरकं एकदम थांबतात, आणि तरुणपणी असं झालेल्या बायकांत नैराश्य आणि धास्ती जास्त आढळते. त्यांच्या मनाची नोंद कुणी केली? घड्याळांचे अभ्यास ज्यांच्याकडे घड्याळ आहे, सलग झोप आहे, फोन आहे अशांवर होतात. शिवाय 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय होता, आणि रक्त कमी असलं की ठोके तसेही वाढलेले असतात. परदेशातल्या धडधाकट मुलींच्या मनगटावर बेतलेला हिशेब हौदावरच्या तिला कसा लागू पडेल?

माझी नोंद मी वहीतच ठेवते, अॅपमध्ये मनाचं काही लिहीत नाही. फ्लो नावाच्या पाळीच्या अॅपनं बायकांची माहिती दुसऱ्या कंपन्यांना दिल्याच्या तक्रारीवर 2021 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड केली होती. आपल्याकडे 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, ते चांगलंच आहे. तरीही ‘आज जगावंसं वाटलं नाही’ हे वाक्य माझ्या कपाटातल्या साड्यांखालीच बरं.

आमच्या बचत गटातल्या बायकांनी मला पुढच्या बैठकीत यावर बोलायला सांगितलंय. नुसतं बोलून उपयोग नाही म्हणून मी छापील कागद करून घेतेय. नाव लिहायला जागा ठेवलेली नाही. महिन्याच्या तारखा, रकाने सहा, आकडे 1 ते 6, रक्तस्रावाच्या दिवसांना गोल, आणि काय घडलं याचा रकाना सगळ्यांत रुंद; छपाईवाला तो अरुंद करा म्हणत होता, मी केला नाही. कोप्यांवर द्यायचा कागद वेगळा करावा लागेल. तिथे आकड्यांऐवजी चेहरे काढायला हवेत, रात्रीची वेळ पाळायची अट काढायला हवी, कारण गाडी कधी भरेल ते त्यांच्या हातात नसतं, आणि तो भरलेला कागद वाचायला हंगामात महिन्यातून एकदा तरी डॉक्टर फडापर्यंत यायला हवेत. डॉक्टरबाईंना विचारलंय. हंगाम सुरू व्हायच्या आत तो कागद तयार करायचा आहे.